बिजागरीखालचा गंज

मोटारसायकलच्या सॅडलबॅगला गंज कधी समोरून लागत नाही. बॅग उतरवून टेबलावर ठेवली तर बाहेरून फारसं काही दिसत नाही. मालकही सांगतो, "थोडी काळी पडलीय, रंग मारून द्या, बास." पण बिजागरीचे स्क्रू सोडले, कडीची पट्टी बाजूला केली, फ्रेमच्या क्लॅम्पखालचा वॉशर काढला, की तांबूस पापुद्रे सुटून हातात येतात. दोन पत्रे जिथे एकमेकांवर दाबून बसतात ती जागा, ड्रिलनं पाडलेल्या भोकाची कड, वेल्डिंगचा टाका आणि नळीची आतली बाजू. गंज या चार ठिकाणी जन्मतो आणि रंगाची गन नेमकी याच चार ठिकाणी सहज पोचत नाही. माझं बरंचसं काम या चार जागांशी चालतं. मधला सपाट पत्रा कोणीही रंगवेल.

पेण आणि रोह्याच्या मधल्या पट्ट्यात मी हे काम करतो. एक भट्टी, पावडर मारायचा एक बूथ आणि शेजारी रंगाची साधी गन, एवढा पसारा. येतं ते सगळं दुचाकीवर सामान वाहायचं लोखंड. बुलेटच्या सॅडलबॅगांच्या फ्रेमी, म्हणजे सॅडल स्टे. दूधवाल्यांच्या कॅन अडकवायच्या कड्या. खाडीकाठच्या गावांतून मासळीच्या पेट्यांचे पिंजरे. आणि थंडी सुरू झाली की गोव्याकडे निघणाऱ्या पोरांच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या, त्यांच्या बिजागऱ्या, कड्या, कुलपं. मोठे पावडर कोटिंगवाले असलं फुटकळ काम घेत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. रंग बदलायचा तर अख्खा बूथ धुऊन काढावा लागतो आणि दोन बिजागऱ्यांसाठी भट्टी तापवणं परवडत नाही. मी काळ्या रंगाची कामं साठवतो आणि एका फेरीत भाजतो. लोक थोडे थांबतात.

आमच्याकडची हवा लोखंडाला सुखानं जगू देत नाही. पेणच्या पश्चिमेला खारेपाट. भरतीचं पाणी खाडीतून आत येतं, बांध फुटला तर भातशेतीत शिरतं, आणि वाऱ्याबरोबर मिठाचा अंश घरांच्या पत्र्यांपर्यंत पोचतो. तिथल्या माणसाची गाडी रात्रभर अंगणात उभी असते. रोह्याकडे गेलं की धाटावची एमआयडीसी. पाळीला जाणाऱ्या माणसाची गाडी रासायनिक कारखान्याच्या दारात आठ तास उभी राहते आणि तिच्या कड्यांवर वेगळ्याच तऱ्हेचा, हिरवट-पांढरा थर धरतो. जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात मुंबई-गोवा महामार्ग. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं आणि नंतरची कितीतरी वर्षं गाड्या खडीतून नि खड्ड्यांतूनच चालल्या. उडालेली खडी सॅडल स्टेच्या खालच्या नळीवर बसते, तिथे कोटिंगचा टवका जातो, आणि पुढच्या पावसात त्या टवक्याच्या कडेनं गंज आत सरकत जातो.

रंगाची गन मी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात हातात धरली. हमरापूर, जोहे, कळवे ही आमच्याकडची गावं वर्षभर गणपतीच घडवतात. शाळा सुटली की पोरं कारखान्यात जातात, आधी पॉलिश पेपर मारतात, मग अस्तर, मग अंगाचा रंग. डोळ्यांची आखणी मात्र ज्याच्या त्याच्या हातात देत नाहीत. ती करणारा माणूस वेगळा असतो आणि तो बसला की आजूबाजूचे बोलणं कमी करतात. मला गन मिळाली. तिथल्या जुन्या कारागिरानं शिकवलेली पहिली गोष्ट अशी की गन मनगटानं फिरवायची नाही, खांद्यानं फिरवायची, म्हणजे नोझल आणि मूर्ती यांतलं अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं राहतं. दुसरी गोष्ट, आधी अवघड जागा, मग मोकळी जागा. सोंडेच्या मागे, कानाच्या खाली, बोटांच्या बेचक्यात आधी रंग गेला पाहिजे. पोट शेवटी. पोट पहिल्यांदा रंगवलं तर अवघड जागा गाठताना त्याच्यावर दुसरा थर चढतो आणि ओघळ येतो. मूर्तीला गंज लागत नाही, पण बिजागरीच्या मागे रंग कसा पोचवायचा हे मी तिथेच शिकलो.

पुढे धाटावला एका पावडर कोटिंग युनिटमध्ये लागलो तेव्हा ही सवय उलटी करावी लागली. पावडर म्हणजे रंगाची कोरडी भुकटी, थिनर नाही, पाणी नाही. गनच्या टोकाशी तिला साठ ते शंभर किलोव्होल्टचा भार मिळतो, वस्तू हुकातून अर्थिंगला जोडलेली असते, आणि भुकटी ओढली जाऊन चिकटते. मग भट्टी. 1950 च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी तापवलेली वस्तू उडत्या भुकटीत बुडवायची पद्धत काढली, विजेच्या भाराची गन त्यानंतर रुळली. तिची गंमत अशी की नळीच्या समोर उभं राहून मारलं तरी पावडर वळसा घालून मागे जाते. नळीची पाठ आपोआप झाकते. ओला रंग असं कधी करत नाही. पण दोन पट्ट्या जिथे काटकोनात मिळतात तिथल्या खाचेत पावडर जात नाही. विजेच्या रेषा बाहेरच्या कडेवरच थांबतात, आत भार पोचत नाही, आणि जितका जोर लावून माराल तितकी ती परत उडते. तिथे व्होल्टेज उतरवायचं, हवेचा जोर कमी करायचा, गन तिरकी धरायची आणि सावकाश भरायचं. सॅडल स्टे सगळा अशा खाचांचाच बनलेला असतो. एखाद्याला कोटिंग येतं की नाही हे मी त्याच्या कामातला सपाट पत्रा पाहून ठरवत नाही. गसेटच्या, म्हणजे कोपऱ्याला आधार देणाऱ्या पट्टीखाली बोट घालून पाहतो.

पण कोटिंग हे फार पुढचं काम. मला खरं सांगायचं आहे ते धुण्याबद्दल, कारण गिऱ्हाइकाला ते दिसत नाही आणि म्हणून त्याचे पैसे द्यायला ते नाखूश असतं. लोखंडावरून तेल आणि ग्रीस काढायचं, पाण्यानं धुवायचं, ॲसिडमध्ये गंज उतरवायचा, पुन्हा धुवायचं, मग फॉस्फेटच्या टाकीत घालायचं, पुन्हा धुवायचं आणि लगेच वाळवायचं. फॉस्फेटनं लोखंडावर राखाडी, खरखरीत, अगदी पातळ थर येतो. पावडर धरते ती या थराला. तो नसेल तर कोटिंग पहिल्या दिवशी तितकंच देखणं दिसतं, भट्टीतून निघताना तितकंच चमकतं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात नखानं सोलून निघतं. तेल नीट गेलंय का हे पाहायला कुठलंही यंत्र लागत नाही. वस्तू पाण्यात बुडवून वर काढायची. पाणी सलग पसरून खाली उतरलं तर स्वच्छ. कुठे थेंब होऊन फाटलं तर तिथे अजून तेल आहे, परत पहिल्या टाकीत. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना मी गन शेवटी देतो. आधी पाणी वाचायला शिकवतो.

आणि पाणी कुठलं? खारेपाटातल्या बोअरचं पाणी जिभेला लावलं तरी कळतं. पेण तालुक्यातच हेटवणे धरण आहे, त्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं, आणि खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. या प्रश्नावर इथे मोर्चे निघाले आहेत आणि माझ्या मते ते कमीच निघाले. माझ्या धंद्यापुरतं बोलायचं तर शेवटची धुवण खाऱ्या पाण्यानं केली की मीठ फॉस्फेटच्या खरखरीत थरात बसून राहतं, त्यावर पावडर चढते, भाजली जाते, आणि सहा महिन्यांनी कोटिंगखाली बारीक फोड उठतात. बाहेरून ओरखडाही नसतो. मीठ आतूनच पाणी ओढून घेतं. म्हणून मी पावसाचं पाणी धरून ठेवतो. पहिल्या दोन-चार सरी पत्रा धुऊन जाऊ देतो, मग पन्हाळीखाली टाकी लावतो. पावसाळाभर आणि पुढे दिवाळीनंतरही शेवटची धुवण त्याच पाण्याची असते. उन्हाळ्यात क्षार काढलेलं पाणी कॅनमधून विकत आणतो. धुण्याला एवढं महागडं पाणी कशाला, असं शेजारचे विचारतात.

जुलैत वेगळंच युद्ध असतं. ॲसिडमधून काढलेलं लोखंड उघडं असतं, हवा पाण्यानं भरलेली असते, आणि धुऊन बाजूला ठेवलेली पट्टी चहा होईपर्यंत पिवळी पडते. तेव्हा ओळीनं टाक्या, आणि टाकीतून थेट वाळवणीच्या भट्टीत. मधे कोणाचा फोन घ्यायचा नाही. पावडरचं पाकीटसुद्धा दमट हवेत उघडं राहिलं तर गुठळ्या धरतं, म्हणून ते कोरड्या खोलीत आणि वापरायच्या आधी चाळून. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं ते दर थोड्या वेळानं सोडावं लागतं, नाहीतर गनमधून पावडरीबरोबर थेंब उडतात आणि भाजल्यावर तिथे खड्डे दिसतात. जुलैतलं काम मी दिवसाला निम्मंच घेतो.

भट्टीत लोखंड 180 ते 200 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं राहावं लागतं. अंश लोखंडाचे, हवेचे नव्हेत. जाड क्लॅम्प आणि पातळ पत्र्याची पट्टी एकत्र टांगली तर पट्टी केव्हाच तापते, क्लॅम्प मागे राहतो. त्याच्यावरची पावडर वितळते, चकाकते, पण शिजत नाही. असं अर्धं शिजलेलं कोटिंग डोळ्यांना फसवतं. थिनरमध्ये बुडवलेला बोळा जरा जोरात घासून पाहिला तर रंग बोळ्यावर उतरतो. मी जाडीप्रमाणे वेगळे गट करूनच टांगतो.

आता बिजागऱ्या आणि कड्या. धाटावला नोकरी करणारा एक तरुण त्याच्या बुलेटच्या सॅडलबॅगांचं सगळं सामान पिशवीत घालून घेऊन आला. त्याला सगळं मॅट काळं हवं होतं, कुलपांसकट. मी पिशवी टेबलावर ओतली आणि त्याच्यासमोरच वाटण्या केल्या. लोखंडी पट्ट्या एका बाजूला. त्या सरळ टाकीत जाणार. कडीचं कवच जस्ताच्या मिश्रधातूचं, साच्यात ओतलेलं. ते ॲसिडमध्ये घातलं तर ॲसिड त्यालाच खाईल. शिवाय ओतीव धातूच्या पोटात हवेची छिद्रं असतात. भट्टीत ती हवा बाहेर पडते आणि वितळलेल्या पावडरीतून बुडबुडे काढते. म्हणून ते कवच आधी कोरंच भट्टीत तापवून त्याची हवा काढून घ्यायची, मग पावडर. कडीच्या आतली स्प्रिंग, नायलॉनचा बूश, झाकणाचं रबर यांतलं काही भट्टीच्या जवळही न्यायचं नाही. क्रोम केलेले रिव्हेट पाडायचे, त्यांच्यावर काही धरत नाही. नवे स्टेनलेसचे घालायचे. स्टेनलेसच्या पिना आहेत तशा ठेवायच्या.

"मग कुलूप?" तो म्हणाला.

"कुलपाचं बाहेरचं कडं काळं होईल. आतला पितळी गाभा तसाच राहील. चावी फिरायला हवी ना दादा?"

पावडरीचा थर साठ ते ऐंशी मायक्रॉन असतो. ऐकायला काहीच नाही, पण बिजागरीच्या प्रत्येक पोंग्याच्या आत, बाहेर, दोन्ही कडांना तो चढला तर पीन जात नाही, आणि ठोकून घातली तर कोटिंग तिथेच फुटतं, म्हणजे गंजाला आपणच दार उघडून दिलं. पिनेच्या भोकात मी सिलिकॉनच्या बुच्च्या घालतो, आट्यांवरही. क्लॅम्प चॅसीला जिथे दाबून बसतो ती जागा उष्णता सोसणाऱ्या टेपनं झाकतो. तिथे जाड कोटिंग राहिलं तर दाबाखाली ते हळूहळू पसरतं, नट ढिला होतो, आणि वडखळच्या पुढच्या खड्ड्यांत बॅग चाकावर येते. उघड्या राहिलेल्या त्या जागेवर पातळ झिंक प्रायमर आणि बसवताना ग्रीस. अजून एक गोष्ट जुन्या गाड्यांची. काही बुलेट आणि येझदींना मागचे इंडिकेटर फ्रेमवर बसवलेले असतात आणि त्यांची अर्थिंग लोखंडातून परतते. पावडर वीज जाऊ देत नाही. कोटिंग झाल्यावर इंडिकेटर बंद पडला तर लोक बल्ब बदलत बसतात. तिथे वॉशरपुरती जागा कोरी ठेवावी लागते, किंवा वेगळी वायर ओढून द्यायची.

पावडर चांगली की रंग, हे मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं. बाजारात पावडरीचा बोलबाला आहे आणि तो खोटा नाही. नीट धुतलेल्या, नीट भाजलेल्या पॉलिएस्टर पावडरीइतका चिवट थर माझ्या रंगाच्या गनमधून निघणार नाही. उन्हात ठेवायच्या वस्तूला पॉलिएस्टरच हवी. नुसती इपॉक्सी उन्हानं पांढरी पडते, बोटाला खडू लागतो. पण पावडरीचं एक आहे. तिला ठिगळ लागत नाही. टवका उडाला तर तेवढाच भाग घरी दुरुस्त करून पुन्हा तसाच होत नाही. सगळं खरवडायचं, सगळं परत भाजायचं.

नागोठण्याच्या बाजूचे एक दूधवाले काका त्यांच्या कॅनच्या कड्या घेऊन आले. पुतण्याच्या गाडीवरचं कोटिंग पाहून त्यांना तसंच हवं होतं. मी त्यांना कडी दाखवली. कॅन रोज पहाटे त्याच ठिकाणी घासतो, रोज चढतो, रोज उतरतो. तिथे पावडर असो नाहीतर आणखी काही, ते जाणारच. गेल्यावर काका गाडी माझ्याकडे दोन दिवस ठेवणार का?

"दोन दिवस? आणि दूध कोण घालील, तू?"

त्यांना मी झिंकचं भरपूर प्रमाण असलेलं प्रायमर मारून दिलं, वर इपॉक्सी, वर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा काळा रंग. झिंकचं काम वेगळं आहे. ओरखडा लोखंडापर्यंत गेला तरी शेजारचं झिंक आधी झिजतं आणि काही काळ लोखंडाला राखतं. जिथे कॅन घासतो तिथे जुन्या ट्यूबची पट्टी कापून बांधली. सोबत छोट्या बाटलीत प्रायमर नि रंग, एक ब्रश आणि वॉटर पेपरचा तुकडा दिला. ते आता मधून मधून स्वतःच घासतात, पुसतात, ब्रश फिरवतात. ब्रशच्या रेघा दिसतात. कडी मात्र शाबूत आहे. मला हे काम त्या बुलेटच्या मॅट काळ्या बॅगांइतकंच आवडतं, आणि मी ते तितक्याच अभिमानानं दाखवतो. वस्तू रोज मार खाणार असेल आणि तिच्या मालकाला ती एक दिवसही सोडता येत नसेल, तर त्याला स्वतःच्या हातानं दुरुस्त करता येईल असाच थर द्यायला हवा. महागाचा थर विकून त्याला माझ्या दाराशी बांधून ठेवणं मला पटत नाही.

पीयूच्या हार्डनरबद्दल मात्र मी कडक आहे. त्यात आयसोसायनेट असतं. फवारा छातीत गेला तर एखाद्याला कायमचा दमा लागू शकतो. मी शिकलो तेव्हा नाकाला रुमाल बांधून गन मारायचे, आजही कितीतरी जण तेच करतात. रुमालानं काही अडत नाही. माझ्याकडे बाहेरची स्वच्छ हवा नळीतून येते तो मास्क घातल्याशिवाय पीयूची गन कोणी उचलत नाही, घाई कितीही असो.

टाक्यांतल्या पाण्याचंही तसंच. ॲसिडचं आणि फॉस्फेटचं वापरलेलं पाणी ओढ्यात सोडणं फार सोपं आहे. रात्री पाऊस चालू असताना सोडलं तर कोणाला कळतही नाही. पण इथले ओढे कुंडलिकेला मिळतात, आणि कुंडलिका रेवदंड्याला समुद्रात जाते. त्या वाटेवरची गावं तिच्यातले मासे खातात. रोह्याच्या माणसाला रंग बदललेलं पाणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. धाटावला सामूहिक सांडपाणी केंद्र झालं ते असल्याच पाण्यासाठी. मी चुन्यानं ॲसिड मारतो, गाळ खाली बसू देतो, वाळलेला गाळ पोत्यांत भरून परवानगी असलेल्या गाडीनंच पाठवतो. याचा खर्च मी दरात धरतो आणि विचारलं तर सरळ सांगतो. काही गिऱ्हाइकं त्यावरून निघून जातात.

मासळीच्या पिंजऱ्यांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. बर्फ वितळतं, खारं पाणी अखंड गळत राहतं, आणि पिंजरा बाहेरून धड दिसत असताना एक दिवस नळी मधोमध तुटते. कापून पाहिलं तर आतून सगळी पोखरलेली. वेल्डिंगच्या टाक्यातल्या सुईएवढ्या छिद्रातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. बाहेरून पावडर मारा, झिंक मारा, सोनं मारा, आतल्या बाजूचं काय? शिवाय अशी नळी टाकीत बुडवली की ॲसिडही आत शिरतं आणि भट्टीत उकळून टाक्यातून बाहेर फेसाळतं, तिथे कोटिंग धरतच नाही. खाडीकाठची एक मावशी दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी मुलाचा पिंजरा घेऊन यायची. ती एकदा म्हणाली, "तुजा रंग चांगला, पन लोखंडच टिकत नाय रं." तिचं म्हणणं रंगवाल्यानं ऐकून घेण्यासारखं होतं.

मग मी पेणच्या फॅब्रिकेटरकडे गेलो, जो हे पिंजरे बनवतो. त्याला सांगितलं, प्रत्येक नळीच्या सर्वांत खालच्या टोकाला आठ मिलिमीटरचं भोक आणि वरच्या टोकाला एक. धुतलेलं पाणी निथळून जाईल, ॲसिड आत अडकणार नाही, बंद नळीत हवा तुंबणार नाही, आणि मी वरच्या भोकातून मेणाचं पातळ तेल ओतून आतली बाजू भिजवू शकेन. त्याला आधी पटलं नाही. भोकानं नळी कच्ची होते आणि गिऱ्हाईक म्हणेल हा काय खेळ. तुटलेल्या दोन नळ्या मी त्याच्या टेबलावर उभ्या चिरून ठेवल्या. आता तो नवा पिंजरा वेल्डिंगला घेतो तेव्हा आधी फोटो पाठवतो, आणि खडूनं खुणा करून विचारतो की भोक इथे पाडू की आणखी खाली.